थोरला, धाकटा आणि खालच्या पायरीवरची खुर्ची

गणपतीच्या दिवसांत आमच्या पडवीत कसला ना कसला वाद रंगतोच. यंदा तो रंगला दोन भावांवरून, आणि ते भाऊ ना आमच्या भावकीतले, ना देवगड तालुक्यातले. डोंबिवलीहून आलेल्या भाच्यानं आणि भाचीनं टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचे तिन्ही चित्रपट पाहून संपवले होते. आरत्या झाल्या, मोदकांचं ताट मध्ये आलं, आणि भांडण जुंपलं. पुढारी म्हणून मोठा कोण, बोरोमिर की फॅरामिर? भाचा थोरल्याच्या बाजूचा, भाची धाकट्याच्या. शेवटी दोघं माझ्याकडे वळली. "मामा, तुम्ही पुस्तक वाचलंय ना? मग तुम्हीच सांगा."

मी सांगायला लागणार तेवढ्यात झोपाळ्यावरून तात्यांनी विचारलं, "पण कोणाचां राज्य तां?"

तात्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या होड्यांवर तांडेल म्हणून, म्हणजे होडी चालवणारा मुख्य म्हणून काढला. पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही, चित्रपटही पाहिलेला नाही. मुलांना त्यांचा प्रश्न विषयाला सोडून वाटला. मला मात्र तो ऐकून चमकायला झालं, कारण या दोन भावांना समजून घ्यायचं तर सुरुवात नेमकी तिथूनच करावी लागते. त्या रात्री पावसाच्या आवाजात आणि मुलांच्या गलक्यात जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगतो. कादंबरी न वाचलेल्यालाही कळावं, असा प्रयत्न आहे.

कादंबरी तीन भागांत आली, १९५४ आणि १९५५ साली. जग काल्पनिक आहे. त्यात गोंडोर नावाचं एक जुनं राज्य आहे आणि मिनास तिरिथ ही त्याची डोंगराच्या कुशीतली दगडी राजधानी. समोर अँडुइन नावाची मोठी नदी, तिच्यापलीकडे शत्रूचा मुलूख. शत्रूचं नाव सॉरॉन. त्याची एक अंगठी फार पूर्वी हरवली आहे. ती त्याला परत मिळाली तर सगळं संपलं. दुसऱ्या कुणी चांगल्या हेतूनं बोटात घालून वापरायची म्हटली, तर ती त्यालाच आतून पोखरते आणि दुसरा सॉरॉन करून सोडते. म्हणून ती ज्या ज्वालामुखीच्या आगीत घडली त्याच आगीत टाकायची, एवढा एकच मार्ग उरतो. ते ओझं गळ्यात घालून निघालेला फ्रोडो हा हॉबिट नावाच्या बुटक्या, साध्यासुध्या जमातीतला आहे. आपले दोन भाऊ गोंडोरचे.

आता तात्यांचा प्रश्न. गोंडोरला राजा नाही. शेवटचा राजा शत्रूच्या सरदाराचं आव्हान स्वीकारून त्याच्या गडावर गेला तो परतलाच नाही. त्याचा मृत्यू कुणी पाहिला नाही, म्हणून तो मेला असं कुणाला ठामपणे म्हणता येईना. दुसरा राजा निवडावा तर घराघरांत यादवी माजण्याची भीती. तेव्हा राजाच्या कारभाऱ्यानं राज्य चालवायला घेतलं. राजा परत येईपर्यंत त्याच्या नावानं दंड धरीन आणि राज्य सांभाळीन, अशी त्याची शपथ. एकामागून एक असे सव्वीस कारभारी झाले, ९६९ वर्षं उलटली. दरबारात उंच पायऱ्यांवर सिंहासन रिकामंच आहे, आणि अगदी खालच्या पायरीवर एक काळी, बिनानक्षीची दगडी खुर्ची. कारभारी त्या खुर्चीत बसतो. हातात पांढरी काठी, निशाण पांढरं, त्यावर कसलंही चिन्ह नाही.

आपल्याला यात लगेच भरत दिसतो. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून स्वतः नंदिग्रामात राहिलेला. पण भरताला चौदा वर्षं काढायची होती आणि वनवास संपण्याचा दिवस ठाऊक होता. इथे हजार वर्षं होत आली आणि कुणी येण्याची चिन्हं नाहीत. इतक्या काळात सांभाळणाऱ्याच्या मनात काय होतं, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपण खोती पाहिली आहे. खोत म्हणजे मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला माणूस, गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पण ते काम बापाकडून मुलाकडे जात राहिलं, पिढ्या सरल्या, आणि वसूल करणारा हळूहळू धनी होऊन बसला. अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी १९३३ साली संप पुकारला तो सहा वर्षं चालला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. सांभाळायला दिलेली वस्तू आपली वाटू लागायला किती पिढ्या पुरतात, हा प्रश्न आमच्या इकडे कल्पनेतला नाही. त्यानं कित्येक घरांच्या चुली विझवल्या.

आणि हाच प्रश्न बोरोमिरनं लहानपणी बापाला विचारला होता. राजा परत आलाच नाही, तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतकं लागतात? बाप डेनेथॉर, म्हणजे त्या खुर्चीतला सव्विसावा कारभारी, म्हणाला, कमी प्रतीच्या राज्यांत थोडी वर्षं पुरत असतील, गोंडोरमध्ये दहा हजार वर्षंही पुरणार नाहीत. ही आठवण पुढे फॅरामिर फ्रोडोला सांगतो. थोरल्याला हे उत्तर कधीच पचलं नाही, हे धाकट्यानं तेव्हाच ओळखलं होतं. मला वाटतं, दोघांमधला सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे. एकाला खालच्या पायरीवरची खुर्ची कमीपणाची वाटली. दुसऱ्याला ती आपली नेमून दिलेली जागा वाटली.

पण इतक्या झटपट निकाल लावला तर थोरल्यावर अन्याय होईल. म्हणून जरा मागे जाऊ.

दोघांत पाच वर्षांचं अंतर. आई फिंडुइलास समुद्रकाठच्या गावची. तटबंदीच्या दगडी शहरात ती दक्षिणेकडे, आपल्या समुद्राकडे बघत झुरत गेली. किनाऱ्यावरून घाटावर दिलेल्या कितीतरी लेकी आपल्याला ठाऊक आहेत, त्यामुळे ती दोन ओळींची हकिकत माझ्या मनातून जात नाही. ती गेली तेव्हा थोरला दहाचा, धाकटा पाचाचा. बाप दिवसेंदिवस कोरडा आणि कठोर होत गेला, त्याचा जीव थोरल्यावर. तरीही भावाभावांत मत्सर नव्हता. थोरला धाकट्याचा पाठीराखा, धाकट्याला थोरल्यासारखा शूर दुसरा कुणी दिसत नसे. कथेच्या सुरुवातीला शत्रू ऑसगिलियाथ या नदीकाठच्या पडक्या शहरावर तुटून पडतो. पूल पाडेपर्यंत तो रोखून धरणाऱ्या तुकडीत दोघंही होते, आणि पोहून जिवंत परतले ते फक्त चौघं. हे दोघं आणि आणखी दोन. धाकट्याला 'पुस्तकी' म्हणणाऱ्यांनी तो पूल आठवावा.

कोकणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल तर दोन तऱ्हेची माणसं डोळ्यांपुढे येतील. दोरीच्या रांगेत सगळ्यात पुढे, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आवाज देणारा एक असतो. त्यानं टाच रोवून अंग मागे टाकलं की मागच्या सगळ्यांच्या अंगात जोर येतो. दुसरा वाळूवर जरा मागे उभा असतो. पाण्याचा रंग, पक्ष्यांच्या घिरट्या, दोन्ही दोरांची गती बघत तो मध्येच हात वर करतो, थांबा म्हणतो. बहुतेक वाचक दोन भावांची वाटणी अशीच करतात, थोरला म्हणजे ताकद आणि धाकटा म्हणजे डोकं. भाचा-भाचीचं भांडणही तेवढ्यावरच चाललं होतं.

ही वाटणी टिकत नाही. काराद्रासचा बर्फाळ घाट चढण्याआधीचा प्रसंग घ्या. अंगठी आगीत टाकायला फ्रोडोबरोबर बोरोमिरही निघालाय, आणि त्या मंडळींत गँडाल्फसारखा जादूगार आहे, सगळ्या वाटा तुडवलेला ॲरागॉर्न आहे. तरी प्रत्येकानं जमेल तेवढी सुकी लाकडं पाठीवर घ्यावीत, हे सुचतं बोरोमिरला. तो डोंगराच्या सावलीत वाढलाय, थंडी माणसाचं काय करते ते त्याला माहीत आहे. त्या रात्री वादळात लहानग्या हॉबिटांचे प्राण त्या लाकडांनी वाचले. दुसऱ्या दिवशी वाट बंद. तेव्हा, डोकी चालेनाशी झाली की अंगं झिजवावीत अशा अर्थाची आपल्या मुलखातली म्हण सांगून तो ॲरागॉर्नला घेऊन छातीएवढ्या बर्फातून वाट फोडत निघतो. मग परत येऊन हॉबिटांना उचलून नेतो. असा माणूस बरोबर असला की टोळी चालते. वादळात होडीवर कुणाचा आवाज ऐकू यावासा वाटतो ते दर्यावर गेलेल्यांना विचारा.

त्याच्या पुढारीपणाची ताकद हीच होती, की जे इतरांनी करायचं ते आधी त्यानं केलेलं असायचं. शिवाय काहीही लपूनछपून करायचं नाही हा बाणा. मोहीम गुप्त आहे हे ठाऊक असूनही निघताना तो आपलं वडिलोपार्जित शिंग जोरात फुंकतो. चोरासारखा रात्रीचा बाहेर पडणार नाही, म्हणतो. मला तो आवडतो, अगदी त्या चुकीसकट.

चूक मात्र होतीच, आणि ती शिंगापाशी सुरू होत नाही, त्याच्या आधी होते. ऑसगिलियाथवरच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री फॅरामिरला एक गूढ स्वप्न पडलं. मोडलेली तलवार शोधा, दूर उत्तरेकडे एका दरीत सल्ला मिळेल. नंतर ते त्याला पुन्हा पुन्हा पडलं. बोरोमिरला पडलं एकदाच. धाकटा निघायला उत्सुक होता. थोरला म्हणाला, वाट धोक्याची आहे, मी जातो. आणि गेलाही, एकट्यानं, ११० दिवसांचा प्रवास करून. यात माया आहे, धाडस आहे. पण स्वप्न वारंवार पडतंय कुणाला, बोलावणं कुणाला आहे, हे त्यानं थांबून पाहिलं नाही. धोका दिसला की तो आपला, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. ही सवय फार मोलाची, पण तिला एक उलटी बाजू आहे. जिथे धोका माझा, तिथे निर्णयही माझा.

दरीतल्या त्या सभेत अंगठी नष्ट करायची असं ठरतं, तेव्हा तो विचारतो, हत्यार हाती आलंय तर वापरायचं का नाही? या प्रश्नावरून त्याला मूर्ख ठरवणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. सभेतले बरेच जण लढाईपासून लांब होते आणि याची माणसं रोज नदीकाठी मरत होती. ज्याच्या घराला आग लागलीय त्यानं पाण्याचा हंडा दिसल्यावर, हा ओतायचा नाही का, असं विचारलं तर त्यात गैर काय? त्याला उत्तर मिळतं, तो मान डोलावतो, पण त्याला ते पटलेलं नसतं. पुढचे दोन महिने तो अंगठीच्या शेजारी चालतो, झोपतो, जेवतो. टोळीचा पुढारी तो नाही. आधी गँडाल्फ, मग ॲरागॉर्न. जन्मभर पहिला राहिलेल्या माणसाला दुसरं होऊन चालायची सवय नव्हती, आणि त्या दोन महिन्यांत त्याच्याजवळ मन मोकळं करायला कुणी नव्हतं.

आमोन हेन टेकडीवर तो फ्रोडोला एकटा गाठतो. त्याचं तिथलं बोलणं नीट वाचण्यासारखं आहे, कारण माणूस सांभाळणाऱ्याचा धनी कसा होतो ते टॉल्किननं पाचसहा वाक्यांत दाखवलंय. सुरुवात होते आपल्या लोकांपासून. मग तो म्हणतो, एखादा मोठा योद्धा ही अंगठी घेऊन काय करू शकणार नाही? ॲरागॉर्न काय करू शकणार नाही? आणि तो नाही म्हणाला, तर बोरोमिर का नको? मग सगळी माणसं माझ्या झेंड्याखाली येतील. मग तटबंद्या, फौजा, विजय, आणि शेवटी तो स्वतः : मोठा राजा, दयाळू आणि शहाणा. लहानपणच्या प्रश्नाचं उत्तर त्याला त्या टेकडीवर मिळालं. किती वर्षं लागतात? इतकी. त्यानंतर तो फ्रोडोच्या अंगावर धावून जातो.

आता धाकट्याकडे येऊ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. फॅरामिर या कादंबरीत उशिरा येतो. टॉल्किननं १९४४ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय, की हे पात्र आपण ठरवून घडवलेलं नाही, ते इथिलियनच्या रानातून आपणहून चालत आलं. इथिलियन म्हणजे नदीपलीकडचा, शत्रूनं गिळलेला मुलूख. तिथे हिरवे कपडे घालून, झाडीत लपून गनिमी काव्यानं लढणाऱ्या तुकडीचा तो नायक आहे. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम, त्याच्या घरचा माळी, त्याच्या हाती सापडतात. वरून आलेला हुकूम स्पष्ट आहे. या मुलखात परवानगीशिवाय फिरणाऱ्याला मारा.

तो काय करतो ते पायरीपायरीनं बघा. आधी चौकशी, आणि ती दोनतीनशे माणसांसमोर, उघड. विनाकारण माणूस काय, जनावरही मारत नाही, हे सांगून. प्रश्न मात्र कसून विचारतो, कारण तोवर भावाचं मोडकं शिंग बापाच्या हाती पोचलेलं आहे आणि हा अनोळखी बुटका त्या भावाबरोबर होता असं म्हणतोय. मध्येच सॅम चिडून ओरडत येतो आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. आपल्या माणसांसमोर एक माळी आपल्याला झापतोय, तरी फॅरामिर आवाज चढवत नाही. मालकाच्या आधी बोलू नकोस, तो तुझ्यापेक्षा जाणता आहे, एवढं म्हणून त्याला बसवतो. आणि चौकशी एका नाजूक जागी पोचतेय असं दिसताच विषय बदलतो. का, ते नंतर चालताना फ्रोडोला एकट्याला सांगतो. तिथे ऐकणारे फार होते. माझ्या मते सगळ्या कादंबरीतला नेतृत्वाचा सर्वांत मोठा धडा या विषय बदलण्यात आहे. समोरच्याचं गुपित त्याला हवं होतं, ते हाताशी आलं होतं, आणि चारचौघांत ते ओढून काढलं तर त्या माणसाचं काय होईल याचा त्यानं आधी विचार केला.

चालताना तो सांगून टाकतो, की तुमच्याजवळ जे काही शत्रूचं असेल, ते वाटेवर पडलेलं दिसलं तरी मी उचलणार नाही. गोंडोर माझ्या एकट्याच्या हातून, अशा हत्यारानं वाचणार असेल, तरीही नाही. अंगठीबद्दल नेमकं त्याला अजून माहीत नाही. रात्री गुहेत जेवणानंतर, पोटात अन्न आणि थोडी दारू गेल्यावर, सॅमच्या तोंडून ते निसटतं. क्षणभर सगळं थांबतं. फॅरामिर उठून उभा राहतो, दोन्ही हॉबिट भिंतीला पाठ लावून तलवारीला हात घालतात. तो उंच आहे, तुकडी त्याची, गुहा त्याची, शहर बुडतंय, बाप थोरल्याचं नाव घेत बसलाय. आणि ती वस्तू दोन हातांवर आहे. तो खाली बसतो. म्हणतो, मी आधी जे बोललो ते काय आहे हे न कळता बोललो असलो, तरी ते माझं वचन समजेन आणि त्याला बांधलेला राहीन.

इथे त्याला वाचवतं ते त्या क्षणाचं धैर्य नाही, दुपारीच बोलून ठेवलेला शब्द आहे. मोह समोर येण्याआधीच त्यानं स्वतःची वाट बंद करून ठेवली होती. बोरोमिरनं ती उघडी ठेवली.

२००२ च्या चित्रपटात हा प्रसंग बदललाय. तिथे फॅरामिर फ्रोडोला पकडून ऑसगिलियाथपर्यंत नेतो आणि मग सोडतो. भाच्याचा तिथेच आक्षेप होता, "मग धाकट्यात वेगळं काय?" त्याचं बरोबर आहे, चित्रपटातल्या धाकट्याबद्दल. पुस्तकातला त्याच मुक्कामी निर्णय करतो, वाटेसाठी शिधा आणि काठ्या देऊन त्यांना सोडतो, आणि हुकूम मोडल्याचं बापाला स्वतःच्या तोंडानं सांगतो. नियम मोडला, पण लपवला नाही.

धाकट्याचं इतकं कौतुक केल्यावर एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण भाची ती मान्य करायला तयार नव्हती. फॅरामिरचा अंगठीशी सामना एका रात्रीचा. बोरोमिरचा दोन महिन्यांचा, दमलेल्या, घरापासून तुटलेल्या अवस्थेतला. जागा बदलल्या असत्या तर काय झालं असतं? मला वाटतं धाकटा तरीही टिकला असता, कारण त्याला राजा व्हायचंच नव्हतं आणि अंगठीला धरायला जागा लागते. पण ते माझं मत.

आणि धाकट्याचीही एक जखमेची जागा आहे, ती म्हणजे बाप. डेनेथॉरसमोर त्याची सगळी पारख लंगडी पडते. तो बापाला विचारतो, आमच्या जागा बदलल्या असत्या तर बरं झालं असतं असं तुम्हाला वाटतं का? बाप म्हणतो, हो. यापेक्षा क्रूर शब्द कादंबरीत दुसरा नाही. मग नदीकाठ धरून ठेवण्याचा हुकूम येतो, शत्रू कित्येक पट असताना. भाऊ नाही तर त्याच्या जागी मी जातो, परत आलो तर माझ्याबद्दल जरा बरा विचार करा, एवढं म्हणून फॅरामिर निघतो. इथे मला त्याच्यावर रागवावंसं वाटतं. अनोळखी हॉबिटासाठी ज्यानं हुकूम मोडला, त्यानं स्वतःच्या तुकडीसाठी का मोडला नाही? बापाच्या एका चांगल्या शब्दासाठी आसुसलेला मुलगा त्या घडीला नायकावर मात करून गेला. आपल्या घराघरांत हे दिसतं, थोरल्याच्या फोटोखाली राबणारा धाकटा.

पण माघार घेताना तो सगळ्यात शेवटी राहतो. त्याच्या काही दिवस आधीचा प्रसंग तर तटावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला. आकाशातून भीषण पक्षी झडप घालताहेत, घोडे उधळलेत, माणसं खाली पडलीत, आणि एक जण घोडा वळवून पडलेल्यांकडे परत जातो. तोच नायक असणार, असं पाहणारा बेरेगाँड म्हणतो. हा बेरेगाँड पहाऱ्यावरचा साधा शिपाई. त्याच्याच तोंडी टॉल्किननं दोघांची सर्वांत नेमकी तुलना घातली आहे. ग्रंथ जाणणारा माणूस रणातही धीट आणि झटपट निर्णयाचा असू शकतो यावर आजकाल कुणाचा विश्वास बसत नाही, पण फॅरामिर तसा आहे, बोरोमिरइतका उतावीळ नाही, निर्धारात मात्र उणा नाही. पुढे भ्रमिष्ट झालेला डेनेथॉर बेशुद्ध मुलाला घेऊन चितेवर जायला निघतो, तेव्हा हाच शिपाई पहारा सोडून धावतो. पहारा सोडण्याची शिक्षा मरण. नायकानं हॉबिटांसाठी जे केलं, तेच शिपायानं नायकासाठी केलं. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. माणसं आपल्या पुढाऱ्याकडून अशा गोष्टी नकळत उचलतात.

थोरल्याचा शेवट राहिला. टेकडीवर फ्रोडो निसटल्यावर बोरोमिर भानावर येतो, रडतो. परतल्यावर झालेलं अर्धंच सांगतो. ॲरागॉर्न त्याला म्हणतो, जा, त्या दोन लहान हॉबिटांना सांभाळ. तो जातो. निमूटपणे, दुसऱ्याच्या हुकुमावर. मेरी आणि पिपिनभोवती उभा राहून पुष्कळ शत्रू आडवे करतो, शिंग फुंकतो, मदत उशिरा पोचते. अंगात बाण रुतलेत, शिंग दुभंगलंय, आणि ॲरागॉर्नला तो आधी स्वतःचा गुन्हा सांगतो : मी फ्रोडोकडून अंगठी घ्यायला गेलो, चुकलो. मग हॉबिटांना कुणी नेलं ते. मग, माझ्या लोकांना वाचव. मरता मरता त्यानं शहर राजाच्या, म्हणजे ॲरागॉर्नच्याच, हाती दिलं, ज्या राजाचं येणं त्याला कधी खरं वाटलं नव्हतं. मी हरलो, म्हणाला. ॲरागॉर्न म्हणाला, नाही, जिंकलास. भाच्याला मी सांगितलं, तुझा थोरला पुढारी म्हणून सगळ्यात मोठा कुठे असेल तर तो इथे. तो काही बोलला नाही, पण ते त्याला आवडलं.

त्याचं प्रेत होडीत घालून नदीत सोडतात. तीन रात्रींनंतर काठावर पहाऱ्याला बसलेल्या फॅरामिरला ती होडी दिसते. पाण्यानं जवळजवळ भरलेली, तरी न बुडता संथ चाललेली, आत भाऊ. तो पाण्यात उतरतो, पण होडी थांबत नाही, समुद्राकडे निघून जाते. शिंगाचे दोन तुकडे मागाहून वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, एक बोरूच्या बेटात, एक प्रवाहात. तात्या हे ऐकताना झोपाळा थांबवून बसले होते. दर्या काय परत देतो आणि काय नेतो, हे त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक.

लढाई संपते. राजा येतो, तोच ॲरागॉर्न. जखमी फॅरामिर शुद्धीवर येतो तेव्हा त्यानंच त्याला औषधी पाल्यानं बरं केलेलं असतं. डोळे उघडल्यावर फॅरामिरचे पहिले शब्द, आपण बोलावलंत, मी आलो, काय आज्ञा आहे? हजार वर्षं ज्याच्या नावानं घराण्यानं राज्य सांभाळलं, त्याला ओळखायला त्याला एक क्षण लागला.

मग राज्याभिषेकाच्या दिवशी शहराच्या दारापाशी, सगळ्या लोकांसमोर, गोंडोरचा शेवटचा कारभारी पुढे होतो. गुडघे टेकतो आणि ती पांढरी काठी पुढे करून म्हणतो, माझा अधिकार परत घ्यावा. ॲरागॉर्न काठी घेतो, आणि तिथेच ती त्याला परत देतो.

"म्हणजे होडी धन्याची, तांडेल तोच," तात्या म्हणाले आणि झोपायला उठले.